निरीक्षणगृह शेजारी येतंय: मोर्चा की माहिती अधिकार?

सोसायटीजवळ विधिसंघर्षग्रस्त बालकांचं, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना चौकशीदरम्यान ठेवण्याचं, निरीक्षणगृह येणार म्हणून एका कमिटीत दोन तट पडलेत. एकाला सह्यांची मोहीम आणि मोर्चा हवा, दुसऱ्याला कागदपत्रं. 'घरांचे भाव पडतील' आणि 'काहीच धोका नाही' हे दोन्ही दावे मी बाजूला ठेवतो.

खर्च: माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये. मोर्चाला फलक, परवानगी आणि माणसं जमवण्याची दमछाक.

वेळ: मोर्चाचा आवाज त्याच दिवशी होतो. अर्जाच्या उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत, आणि पुढे अपिलात किती रखडेल ते विचारूच नका.

जोखीम: खरी मेख इथे आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपवर उत्साहाने फिरणारा एखादा फोटोही महागात पडू शकतो.

हाती काय लागतं: मोर्चाने निर्णय लांबू शकतो. कागदांतून नोंदणी आणि कर्मचारीसंख्या कळते. तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते, तिचे अहवालही मागता येतात. मुलांची नावं वगळूनच मिळतील. मुंबईत डोंगरीचं गृह भर वस्तीतच आहे, त्यामुळे 'वस्तीत नकोच' एवढाच मुद्दा मला लंगडा वाटतो.

जागाच नियमबाह्य असेल आणि काम उद्या सुरू होणार असेल, तर सह्या गोळा करा. पहारा, कर्मचारी, देखरेख यांची काळजी असेल, तर अर्ज करा.