जुन्या तीनचाकीची मॅग्नेट कॉइल भरून घेतली, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या रिवाइंडिंगवाल्याकडं

सोलापुरात जुन्या गाडीची मॅग्नेट कॉइल (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकापाशी बसून करंट तयार करणारी तारेची गुंडाळी) भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून पाहिजे असेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या दुकानात जावा, माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढं येईलच. बोर्डावर नावबीव काही नाही, पत्र्यावर ऑइलपेंटनं नुसतं मोटर रिवाइंडिंग लिहिलंय. आत सगळ्या शेतकऱ्यांच्या मोटरी, सबमर्सिबल, पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या मोटरी. गाड्यांचं गॅरेज हे नव्हेच, आणि मला तर वाटतं म्हणूनच काम झालं.

गाडी कोणती ते सांगतो, कारण इकडं बऱ्याच जणांनी बघितलेली नसणार. होंडा एटीसी २००एस. पुढं एक मागं दोन, तिन्ही टायर फुगीर, दोन-तीन पौंड हवेवर चालणारे, १९२ सीसीचं एअरकूल इंजिन, पाच गियर, क्लचचा दांडा नाही, दोरी ओढून चालू करायची, बॅटरीच नाही. होंडानं १९७० मध्ये अमेरिकेत पहिली तीनचाकी विकली आणि १९८८ ला तिकडच्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाशी करार होऊन नव्या तीनचाकींची विक्रीच थांबली, अपघात फार व्हायचे म्हणून. (ते खरंय, मागं सलग ॲक्सल आहे, डिफरन्शियल (वळताना दोन चाकं कमीजास्त फिरू देणारं) नाही, वळणावर अंग आत झुकवलं नाही तर पलटी मारते, पोरांच्या हातात अजिबात देऊ नका.) मामांनी ही मुंबईकडनं जुन्यात आणली होती, मंद्रूपच्या पुढं मळ्यात असते. पाऊस पडून काळी रान चिकट झाली की ट्रॅक्टर आत घालता येत नाही तेव्हा ही वरच्या वर तरंगत जाते, ठिबकची लाइन बघायला, उसात फेरी मारायला. रस्त्यावर काढायची गाडी नाही, मळ्यातच फिरते.

लफडं असं, सकाळी थंड असताना एका दोरीत चालू, मग इंजिन चांगलं तापलं की एकदम बंद, जशी कुणी चावी फिरवावी तशी. तास-दीड तास सावलीत ठेवली की परत चालू. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, बेचाळीसच्या वर पारा, मग तर दहा मिनिटं पण टिकेना. शहरातल्या एका मेकॅनिकनं आधी प्लग बदलला, मग कार्बोरेटर साफ केला, मग म्हणाला सीडीआय (प्लगच्या ठिणगीसाठी करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय आणि कुठल्यातरी बाजारू गाडीचा सीडीआय लावला, त्याचा वेगळा खर्च, आणि त्यानं तर थंडपणी पण करंट येईना. नंतर कळालं तो डीसी सीडीआय होता, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. या गाडीत बॅटरीच नाही तर तो चालणार कशावर. स्टेटर (मॅग्नेटच्या आतली कॉइली बसवलेली प्लेट) बघा म्हटलं तर म्हणे हेडलाइट लागतोय की, मग स्टेटर चांगलाच आहे. हेच चुकतंय लोकांचं. लाइटची कॉइल वेगळी आणि सीडीआयला करंट देणारी कॉइल वेगळी, दोन्ही एकाच प्लेटवर बसलेल्या असतात एवढंच. एक जळाली तरी दुसरी मस्त चालते.

तर एका पावणेदारानं हे रिवाइंडिंगचं दुकान सांगितलं आणि आम्ही छोटा हत्तीत घालून गाडीच नेली. दुकानवाले अण्णा पन्नाशीचे असतील, पोरांशी तेलुगूत बोलतात, आपल्याशी मराठीत. गाडी बघून म्हणाले, "मालक, ही गाडी मी आयुष्यात बघितली नाही. पण कॉइल म्हणजे कॉइल. मोजून बघू." आणि खरंच, एक पण पार्ट न बदलता आधी मोजायलाच बसले, मला हे फार आवडलं.

पहिलं काय केलं तर सीडीआयपासून काळी-पांढरी वायर काढून ठेवली. होंडात ही किल स्विचची वायर, ती अर्थ झाली की करंट बंद. स्विचमधी गंज धरला किंवा हँडलपाशी वायर घासून बॉडीला लागली तर गाडी चांगली असून मेल्यासारखी होते, आणि तपासायला पाच पैसे लागत नाहीत, वायर काढा आणि दोरी ओढा. आमच्या गाडीचं लफडं त्यात नव्हतं. मग हिरव्या वायरी, होंडात हिरवी म्हणजे अर्थ, ती जिथं चेसिसला बोल्टनं लागते तिथं घासून स्वच्छ केली. मग प्लग काढून, नवा प्लग कॅपमधी घालून, त्याचा लोखंडी भाग हेडला टेकवून ठिणगी बघितली. प्लगच्या भोकापासून लांब धरायचा, आतनं पेट्रोलची वाफ येते, भडका उडतो. आणि कॅप मोकळी ठेवून दोरी ओढायची नाही, त्या करंटला जायला वाट नसली की तो कॉइलच्या आतच फुटतो.

थंडपणी ठिणगी चांगली निळी. मग मीटर. एचटी कॉइलची (प्लगला जोराचा करंट देणारी) प्रायमरी म्हणजे आत येणारी बाजू, सेकंडरी म्हणजे प्लगकडची बाजू, प्लगची कॅप (तिच्यात साधारण पाच किलोओहमचा रेझिस्टर असतोय, तो पण कधीकधी तुटतो), पिकअप कॉइल (ठिणगी कधी सोडायची ते सीडीआयला सांगणारी), सगळं वहीत लिहून घेतलं. मी मोबाइलवर मॅन्युअल काढून दिलं, त्याच्याशी ताडून बघितलं. सगळं बसत होतं. काळी-लाल वायर, म्हणजे सीडीआयला करंट देणारी सोर्स कॉइल, ती पण बसत होती! इथंच दुसरा कुणी असता तर म्हणाला असता स्टेटर ओके, सीडीआय बदला. अण्णा म्हणाले थंड आहे म्हणून ओके दाखवायलीय, तक्रार तर गरमपणीची हाय. मग पुलर लावून मॅग्नेट काढला. हातोडा मारला नाही याचं विशेष कौतुक, कारण मॅग्नेटवर हातोडा मारला की आतले चुंबक सुटतात. शाफ्टवरची चावी (मॅग्नेट जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) बघितली, ती कापली गेली की टायमिंगच सरकतं आणि ठिणगी येऊन पण गाडी चालत नाही. ती बरोबर होती. प्लेट बाहेर काढली, मीटरचे पिन लावून ठेवले आणि हॉट गननं हळूहळू तापवायला सुरुवात केली. आकडा आधी थोडा वाढत गेला, तांबं तापलं की तेवढा वाढतोच, आणि मग एकदम ओपन, म्हणजे तार तुटल्यासारखं. थंड झाली की परत आकडा. मामा उभे राहून बघायले होते, त्यांना पण लगेच पटलं. आत कुठंतरी तार तुटलेली, थंडपणी टोकाला टोक टेकून असायची आणि तापली की सरकायची.

या कॉइली होंडाकडनं आता मिळत नाहीत, बाहेरनं मागवायच्या तर पार्टच्या किमतीपेक्षा पार्सल आणि ड्यूटी महाग, म्हणून भरून घेणं हाच रस्ता. जुनी तार काउंटरच्या मशीनवर उलटी सोडून वेढे मोजले, मायक्रोमीटरनं तारेची जाडी घेतली, इनॅमल काढून. केसासारखी बारीक तार, यंत्रमागाच्या मोटरीत एवढी बारीक लागतच नाही, ती मागवून घ्यावी लागली. वेढ्याची दिशा पण जुनीच ठेवली, ते विसरलं तर सगळं उलटं होतं. भरल्यावर वार्निशमधी बुडवून भट्टीत भाजली, आणि परत हॉट गननं तापवून मला मीटर दाखवला, आकडा तापल्यावर वाढतो तेवढाच वाढला, ओपन झाला नाही. मग म्हणाले आता न्या.

पैसे घेतले नऊशे, तारेसकट. सीडीआय जुनाच परत लावला, तो ठणठणीत होता. म्हणजे आधी जो खर्च केला तो सगळा नको असलेल्या वस्तूंवर.

आता अर्धा का कापला. एक तर उन्हाळ्यात यांच्याकडं शेतीच्या मोटरींची रांग असते, विहिरीवरची मोटर जळालेला माणूस आधी, गाडीवाला नंतर, त्यात चूक काहीच नाही पण वेळ सांगतात तो पाळत नाहीत, आणि फोन करून सांगत पण नाहीत, आपणच जाऊन विचारायचं. दुसरं, कनेक्टर जुनेच लावले, एक पिन ढिली होती, ती मी घरी येऊन बदलली आणि सोल्डर केली. भरण्याचं काम एवढं चोख करणाऱ्यानं ती पण बघायला पाहिजे होती. पक्कं बिल नाही, वहीतल्या पानावर लिहून देतात. ते पान मात्र जपून ठेवा, त्यावर तारेची जाडी आणि वेढे लिहिलेले असतात, उद्या परत लागलं तर कामाला येतं.

जाणार असाल तर गाडी नेण्याची गरज नाही, प्लेट काढून नेली तरी चालते, पण काढायच्या आधी टायमिंगच्या खुणांचा फोटो काढा आणि वायरींचे रंग लिहून घ्या. आणि जायच्या आधी घरी एवढं बघून जावा. गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडून बघा, हवेचं भोक बुजलं असलं तरी गाडी अशीच थोडी चालून बंद पडते, झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येऊन चालू झाली तर करंटचा काही संबंध नाही. प्लग काढा, ओला असेल आणि ठिणगी नसेल तरच कॉइलच्या मागं लागा. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. दुकान दुपारी जेवायला बंद असतं, सकाळी लवकर गेलात तर अण्णा स्वतः भेटतात, नाहीतर पोरं प्लेट ठेवून घेतात आणि नंतर या म्हणतात.

मामांची गाडी मे महिन्याच्या उन्हात दुपारभर उसाच्या बांधानं फिरली, एकदा पण बंद पडली नाही. आता मामांच्या शेजाऱ्याची जुनी राजदूत पण तिथंच द्यायचं चाललंय.