काफ स्लीव्ह: ट्रॅकवर पोटरी धरली त्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, काफ स्लीव्ह (पोटरीवर चढवायचा घट्ट, पावलाशिवायचा मोजा) घ्या, पैसे वाया जात नाहीत, पण स्लीव्ह आली म्हणून लगेच ट्रॅकवर जाऊ नका. आमच्या ग्रुपमध्ये हे सारखं बघते, पोटरी धरली की रात्री ऑर्डर आणि डिलिव्हरी आली की दुसऱ्या दिवशी ४०० मीटरचे रिपीट्स (तेच अंतर वेगात पुन्हा पुन्हा धावणं), म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पुण्यातल्या सणस मैदानावर सकाळी ८०० मीटरचे इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत वेगात धावणं) चालू होते, वळणावरून सरळ भागात येताना डाव्या पोटरीत खोलवर आवळल्यासारखं झालं, आवाज वगैरे काही नाही, नुसती घट्ट गाठ आल्यासारखी, आणि पुढच्या दोन-तीन पावलांना दुखायला लागलं तशी थांबले. थांबले म्हणूनच ते थोडक्यात निभावलं. फिजिओने गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून टाचा उचलायला लावल्या, वाकवल्यावर जास्त दुखलं, म्हणजे वरचा मोठा स्नायू नाही तर त्याच्याखालचा सोलियस, ग्रेड वन, किरकोळ ताण. ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडेच असतात, दोन्ही पायांवर भार सारखा पडत नाही, शिवाय स्पीडवर्कमध्ये आपण चवड्यावर जास्त धावतो, सगळं पोटरीवरच येतं. (खटकन आवाज आला असेल आणि चवड्यावर उभंच राहता येत नसेल तर प्लीज सरळ ऑर्थोकडे जा, अकिलीस टेंडन तुटलेलं असू शकतं. आणि काही मार न लागता पोटरी सुजून लाल, गरम झाली असेल तर रक्ताची गुठळीही असू शकते, तेव्हा स्वतःच्या मनाने स्लीव्ह चढवायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.)

आता स्लीव्हबद्दल. माझी नायलॉन-स्पँडेक्सची आहे, घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या खालपर्यंत, खाली जास्त घट्ट आणि वर जाताना थोडी सैल होत जाते, आणि हेच बघून घ्यायचं कारण सगळीकडे सारखीच घट्ट असलेली स्वस्तातली ट्यूब आणि ही यात खूप फरक आहे. पाकिटावर १५-२० किंवा २०-३० असे दाबाचे आकडे (mmHg मध्ये) असतात, धावण्यासाठी मला १५-२० पुरेसा वाटला, २०-३० वाली मैत्रिणीची घालून बघितली तर चढवतानाच घाम फुटला. माप घेताना टी-शर्टसारखं एम-एल बघून घेऊ नका. पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपने मोजा आणि ब्रँडच्या चार्टवर बघा, दोन मापांच्या मध्ये येत असाल तर मोठं घ्या. पावलाला मुंग्या आल्या किंवा बोटं गार पडली तर माप चुकलंय, लगेच काढा. डायबेटीस किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.

फायदा काय झाला? चालताना आणि नंतर हळू जॉग सुरू केल्यावर पोटरी कुणीतरी धरून ठेवल्यासारखी वाटायची, आत थरथर कमी जाणवायची, ऑफिसात दिवसभर बसल्यावर येणारा जडपणाही कमी झाला. यापलीकडे मी तिला श्रेय देणार नाही. पॉला रॅडक्लिफ २००३ ची लंडन मॅरेथॉन गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन (दाब देणारे) मोजे घालून २:१५:२५ मध्ये धावली, ते फोटो बघून बरेच जण भारावतात, पण कॉम्प्रेशनने स्पीड वाढतो असं अभ्यासांतही ठोस काही दिसत नाही. मला बरं केलं ते टाचा उचलण्याने, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग पाठीवरच्या सॅकमध्ये वजन घालून, आणि गुडघा वाकवून आवर्जून, कारण सोलियसला ताकद तिथेच मिळते. एका पायावर न दुखता सलग २०-२५ होईपर्यंत फिजिओने स्पीडवर्क बंदच ठेवलं होतं, तो काळ अवघड गेला पण ते शंभर टक्के बरोबर होतं.

मला सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते, स्लीव्हमुळे पाय सुरक्षित वाटतो, दुखणंही थोडं दबतं, आणि माणूस आपोआप वेग वाढवतो. म्हणून माझा नियम असा की पहिले जॉग स्लीव्हशिवाय करून बघायचे. तिच्याशिवाय दुखत असेल तर तिच्यासकट धावायचं नाही.

किमती चारशे-पाचशेपासून तीन हजारांच्या पुढेपर्यंत आहेत, मी आठशेच्या आसपासची घेतली आणि रोजच्या वापराला ती उत्तम आहे. मे महिन्यात मात्र आत घामाने खाज येते, तेव्हा लाँग रनला मी घालत नाही. पावसाळ्यात पटकन वाळते हा मोठा प्लस. धुताना गार पाणी, साधा साबण, सॉफ्टनर अजिबात नको, सावलीत वाळवा, इलॅस्टिक सैल पडलं की तो नुसता मोजा उरतो. माझ्याकडून ५ पैकी ४, एक मार्क पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेल्या 'इंज्युरी बरी करते' या दाव्यासाठी कापलाय.