युनिव्हर्सिटीचा संवाद गट: दहाच्या दहा सेशन बसून आल्यावर

आमच्या युनिव्हर्सिटीत या सेमिस्टरला जो संवाद गट (वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी गोल बसून एकमेकांचे अनुभव सांगतात, ऐकतात) चालला त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण जाऊ का नको असं विचारणारे ज्युनिअर खूप आहेत आणि पोस्टर वाचून कुणालाच काही कळत नाही. त्यावर नुसतं 'सर्वांना सामावून घेणारा कॅम्पस' एवढंच लिहिलंय. मी दहाही सेशन केली, एकही चुकवलं नाही. तर जा, नक्की जा, फक्त एकदा बघून सोडून देणार असाल तर नका जाऊ कारण एका सेशनमध्ये हातात काही लागत नाही.

आम्ही चौदा जण, खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये टेबल नाही, आणि दोन फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवणारे. दोघंही सिनिअर विद्यार्थीच पण रीतसर ट्रेनिंग घेतलेले आणि मुद्दाम वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे निवडलेले. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की ही पद्धत अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीची, तिथं कॅम्पसवर वंशावरून वातावरण फार तापलं होतं तेव्हा १९८८ मध्ये सुरू झालेली, आणि गट साधारण १२ ते १६ जणांचा ठेवायचा हेही तिथलंच. तीस जणांत मागे बसून मोबाईल बघता येतो, चौदात तोंड लपवायला जागाच नसते.

पहिली दोन सेशन मला कंटाळवाणी गेली हे खरंय. ओळखी, नियम, आपल्या नावामागची गोष्ट, मी तिसऱ्याला जाणारच नव्हते. पण ते मुद्दाम हळू ठेवलेलं असतं. त्यात चार टप्पे आहेत, आधी माणसं एकमेकांना नीट ओळखणार, मग कुणाचे अनुभव कुठे सारखे कुठे वेगळे ते बोलायचं, त्यानंतर कुठे वादाचे विषय निघतात आणि शेवटी मिळून काय करता येईल ते. ज्यांना डिबेटची सवय आहे त्यांना हे जड जातं कारण इथं जिंकायला कुणी येत नाही, मलाही गेलं.

तिसऱ्या सेशनचं सांगते. आमच्यात एक मुलगा बोलताना अडखळतो. तोंडी परीक्षेबद्दल तो सांगत होता, 'मला तेव्हा खूप' एवढं बोलून अडला आणि मी पटकन 'भीती वाटते' असं म्हणून टाकलं, मनात काही वाईट नव्हतं, मदत करावी एवढंच. फॅसिलिटेटरने मला हातानेच थांब अशी खूण केली आणि त्याला म्हणाली, तुझं चालू दे. सगळे थांबलो. वीसेक सेकंद असतील पण त्या खोलीत फार मोठी वाटली. मग त्याचा शब्द आला, 'राग'. त्याला राग येतो कारण परीक्षकच त्याची उत्तरं पूर्ण करून टाकतात आणि मग मार्क त्यांच्या उत्तराला मिळतात. दोन वर्षं मी त्याच्यासोबत एका वर्गात आहे आणि दोन वर्षं मी त्याची वाक्यं पूर्ण करत आलेय. तेव्हापासून गटात नियमच झाला, कुणी कुणाचं वाक्य पूर्ण करायचं नाही, आणि वर्गातही आता बरेच जण पाळतात.

दुसरी गोष्ट रॅम्पची. एक मुलगी व्हीलचेअर वापरते, ती म्हणाली लायब्ररीला रॅम्प आहे पण त्याच्या गेटला कुलूप असतं, किल्ली वॉचमनकाकांकडे, रोज आधी त्यांना शोधायचं. आमच्यातल्या निम्म्यांना तिथं कुलूप आहे हेच माहीत नव्हतं. पुढचं सेशन आम्ही त्या गेटपाशी केलं, काकांनाही बोलावलं, तर ते म्हणाले मलाही हे पटत नाही पण वरून ऑर्डर आहे. मग सगळ्यांनी मिळून अर्ज दिला, कुलूप निघालं. तीन आठवडे गेले त्यात, पण निघालं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. वेळ. सेशन संध्याकाळी साडेपाचला. ज्यांना पार्टटाइम नोकरी आहे, ज्यांना लांब घरी जायचंय, ज्यांचं मूल लहान आहे, ते येणार कसे? म्हणजे ज्यांना या कॅम्पसवर सगळ्यात परकं वाटतं तेच नेमके बाहेर राहिले, आणि आम्ही आत बसून त्यांच्याबद्दल बोललो. आमच्यातली एकजण चौथ्या सेशननंतर शिफ्टमुळे सुटली. वेळ बदला म्हणून दोनदा मेल केला, उत्तर नाही. सफाई कामगार, मेसमधले लोक, ऑफिसचा स्टाफ यातलं कुणीच गटात नव्हतं, ते कॅम्पसचे नाहीत का?

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलंय की वेगवेगळे लोक नुसते एकत्र बसवून पूर्वग्रह जात नाहीत, सगळ्यांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते मिळून गाठायला हवं आणि संस्थेचा पाठिंबा हवा. पहिल्या तीन गोष्टी आमच्या फॅसिलिटेटरांनी जीव तोडून सांभाळल्या. चौथी वरच्यांच्या हातात होती आणि दहा सेशनमध्ये वरचं एकही माणूस खुर्चीत येऊन बसलं नाही. उद्घाटनाला आले, फोटो काढले, गेले. म्हणून ५ पैकी ४ स्टार, आणि गेलेला एक वरच्यांचा आहे, त्या दोघा फॅसिलिटेटरांचा नाही.

पुढच्या बॅचचे फॉर्म सुटलेत. शेवटी 'काही सूचना' असा छोटा रकाना आहे, तो रिकामा सोडू नका, तुम्हाला कुठली वेळ जमते ते लिहा, आणि येणं जमणारच नसेल तरी फॉर्म भरून तेवढं लिहाच.