जुनी एआरएम नास: मूळ फर्मवेअर, ओपनडब्ल्यूआरटी की डेबियन?

एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या डीएनएस-३२०एल, डीएनएस-३२५ आणि त्यांच्या काही भावंडांमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून फाइली साठवायच्या नास बॉक्समध्ये, एक चोरदरवाजा सापडला. 'मेसेजबस' नावाचं, पासवर्डच नसलेलं एक खातं आणि त्यातून बाहेरच्या कुणालाही कमांड चालवता येण्याची सोय. कंपनीने दुरुस्ती काढली नाही. उपकरणांची मुदत संपली आहे, ती बदलून टाका, एवढंच सांगितलं. जुनी नास बाळगणाऱ्या प्रत्येकाची अडचण थोड्याफार फरकाने हीच असते. डिस्क धडधाकट, पंखा फिरतोय, वीज जेमतेम लागते, पण आतलं सॉफ्टवेअर मात्र उघड्यावर पडलेलं.

मग वाटा तीन उरतात. मूळ फर्मवेअर, म्हणजे कंपनीचं अंगभूत सॉफ्टवेअर, राहू देऊन त्यावर एंटवेअर (जादा पॅकेजेसचा संच) चढवायचं, ओपनडब्ल्यूआरटी (छोट्या उपकरणांसाठीचं लिनक्स) टाकायचं किंवा पूर्ण डेबियन लिनक्स बसवायचं. बहुतेक जण आवडीची डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, आधी ठरवतात आणि मग ती बॉक्सवर बसवायला झटतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. दोन गोष्टी आधी बघाव्यात: चिप कुठल्या पिढीची आहे, आणि कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सुरू होताना नेमकं कुठून उचललं जातं. डिस्ट्रोचं उत्तर या दोन गोष्टींतून बहुतेक वेळा आपोआप येतं.

चिपची पिढी

मार्व्हेल किर्कवूड ही या जगातली सगळ्यात जास्त भेटणारी चिप. क्यूनॅप टीएस-२१९, झायक्सेल एनएसए३२५, डी-लिंक डीएनएस-३२० आणि डीएनएस-३२५, शिवाय शीवाप्लगसारखे छोटे प्लग संगणक हे सगळे किर्कवूडचे. ही एआरएमव्ही५ पिढी. हार्डवेअरमध्ये फ्लोटिंग पॉइंटची (दशांश गणिताची) सोय नाही, त्यामुळे डेबियनमध्ये तिच्यासाठी 'आर्मेल' हा पॅकेजसंच लागतो. नेटगिअरच्या रेडीनास १०२ आणि १०४ किंवा सिनॉलॉजीच्या डीएस२१३जे मध्ये आर्माडा ३७० आहे. ती एआरएमव्ही७, म्हणून 'आर्मएचएफ'. आर्माडा ३७० मध्ये निऑन हा जादा सूचनासंच नाही, पण डेबियनचं आर्मएचएफ निऑन मागतच नाही, त्यामुळे ते बिनतक्रार चालतं. दुसरीकडून उतरवलेली, निऑन गृहीत धरून बांधलेली बायनरी (तयार प्रोग्राम) मात्र पहिल्याच फटक्यात 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळते.

आणखी एक सापळा नावाचा आहे. अल्पाइन या दुसऱ्या डिस्ट्रोमध्येही 'आर्मएचएफ' आहे, पण त्यांचं आर्मएचएफ म्हणजे एआरएमव्ही६, आणि डेबियनचं एआरएमव्ही७. किर्कवूडवर दोन्ही चालत नाहीत. आर्च लिनक्स एआरएमने तर एआरएमव्ही५ चा पाठिंबा २०२२ च्या सुरुवातीलाच थांबवला. म्हणजे किर्कवूडवाल्यांसाठी मैदान बरंच मोकळं झालंय, आणि ते काही चांगल्या अर्थाने नाही. ऑक्सफर्डच्या ओएक्स८२० चिपवाले बॉक्स हाती असतील तर मेहनत घेण्याआधी थांबा. त्या चिपचा आधार मुख्य कर्नलमधूनच काढून टाकलेला आहे.

मूळ फर्मवेअर आणि वर एंटवेअर

या पर्यायाची एक बाजू खरंच भक्कम आहे: हार्डवेअर सगळं चालतं. पंख्याचा वेग, दिवे, पॉवरचं बटण, बझर, सगळं. क्यूनॅप आणि सिनॉलॉजीच्या जुन्या बॉक्समध्ये ही कामं एक वेगळा मायक्रोकंट्रोलर करतो आणि मुख्य चिप त्याच्याशी सिरियल लाइनवर बोलते. नव्या लिनक्सला ही बोली शिकवावी लागते. क्यूनॅपसाठी 'क्यूकंट्रोल' आहे, पण ते बसवेपर्यंत पंखा एकाच वेगाने फिरत राहतो.

एंटवेअर आपला पसारा वेगळ्या फोल्डरमध्ये, स्वतःच्या सी लायब्ररीसह मांडतं. ताजं आरसिंक (फाइलींच्या प्रती करणारं), ताजं एसएसएच (दुरून लॉगिनसाठीचं) मिळतं. पण कर्नल जुनंच राहतं, आणि वेब पॅनलमधलं भोकही तिथेच राहतं. शिवाय एंटवेअरची आजची एआरएमव्ही५ पॅकेजेस ३.२ किंवा पुढचं कर्नल धरून बांधलेली असतात, आणि कितीतरी किर्कवूड फर्मवेअर २.६ वरच अडकलेली आहेत. तिथे 'कर्नल टू ओल्ड' एवढा निरोप मिळतो आणि विषय संपतो.

फाइल शेअरिंगचंही तसंच. अनेक जुनी फर्मवेअर फक्त एसएमबी१ ही विंडोज फाइल शेअरिंगची जुनी बोली बोलतात. विंडोज १० ने २०१७ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते देणं थांबवलं, लिनक्सवरच्या सांबा या फाइल सर्व्हरने ४.११ पासून ते मुळातच बंद ठेवलं. नासच्या सोयीसाठी घरातल्या प्रत्येक संगणकावर ते पुन्हा चालू करणं हा सौदा मला पटत नाही. ज्या बॉक्सला इंटरनेटची वाटच नाही आणि ज्याच्याकडे रात्री एकदा आरसिंकने बॅकअप टाकण्याएवढंच काम आहे, त्याच्यासाठी ही वाट ठीक. बाकी कुणासाठी नाही.

ओपनडब्ल्यूआरटी

राउटरवाल्यांची डिस्ट्रो म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. १२८ किंवा २५६ एमबी रॅमच्या किर्कवूडवर मात्र मी तिला डेबियनच्या आधी बघेन. कर्नल आणि मूळ प्रणाली एकाच प्रतिमेत (इमेज फाइलमध्ये) येतात, त्यामुळे एक नवं आणि दुसरं जुनं अशी फारकत होत नाही. अपग्रेड म्हणजे नवी प्रतिमा चढवायची. सेटिंग्ज टिकतात, वरून घातलेली पॅकेजेस मात्र पुन्हा घालावी लागतात. सगळी प्रणाली बॉक्समधल्या नँड फ्लॅश चिपमध्ये राहते, म्हणून डिस्क खरोखर झोपते. डेबियन डिस्कवर बसवलं की लॉग लिहिण्यापायी ती सारखी जागी होत राहते. ज्याची नास दिवसातून दोनदाच वापरली जाते, त्याला हा फरक कानालाही जाणवेल.

मर्यादाही तशाच स्पष्ट आहेत. उपकरणांची यादी छोटी आहे. एनएसए३२५ आणि सीगेट डॉकस्टार त्यात आहेत. तुमचं मॉडेल आहे का ते आधी तपासा. नसेल तर हा पर्याय तिथेच संपतो. सांबा, एनएफएस (लिनक्सचं फाइल शेअरिंग), आरसिंक, रेड (अनेक डिस्कची जोडणी) एवढ्यावर भागत असेल तर ठीक. फोटो गॅलरी वगैरे मनात असेल तर ही जागा नव्हे.

डेबियन

सगळं काही करता येतं हे तिचं आकर्षण. अडचण कुठे येते ते नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच लोकांचे बॉक्स बंद पडतात.

टीएस-२१९ सारख्या क्यूनॅपमध्ये १६ एमबी फ्लॅश असते आणि तिच्यात कर्नलसाठी राखलेला भाग फक्त २ एमबी. मूळ कर्नल त्यात आरामात मावत होतं. डेबियनचं कर्नल दर आवृत्तीला थोडं थोडं फुगत गेलं आणि एक दिवस मावेनासं झालं. याच कारणावरून काही मॉडेल्स डेबियनच्या यादीतून गळली. 'फ्लॅश-कर्नल' हे साधन आकार तपासून लिहायला नकार देतं. त्यामुळे बॉक्स मरत नाही, पण अपग्रेड अर्धवट लटकतं. उपाय दोन: फ्लॅशची विभागणी बदलायची, किंवा यू-बूटला (चालू होताना कर्नल उचलणाऱ्या बूटलोडरला) कर्नल डिस्कवरून किंवा यूएसबीवरून उचलायला सांगायचं. दुसरा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण मग आकाराची कटकट कायमची मिटते. त्यात जुन्या यू-बूटचे हट्ट सांभाळावे लागतात. त्याला एक्स्ट४ ही फाइलसिस्टिम वाचता येत नसेल तर बूटसाठी जुन्या एक्स्ट२ चं वेगळं पार्टिशन द्यायचं. डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) म्हणजे काय हेच त्याला माहीत नसेल तर ती फाइल कर्नलच्या शेपटाला जोडून एकच प्रतिमा बनवायची.

दुसरा प्रश्न मुदतीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सीमध्ये आर्मेलसाठी इन्स्टॉलर नाही, आणि कर्नल पॅकेज फक्त सुरुवातीच्या रास्पबेरी पाय मॉडेल्ससाठी आहे. मार्व्हेलचं कर्नल गेलं, आणि आर्मेलसाठी ट्रिक्सी ही शेवटचीच आवृत्ती आहे. डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, जून २०२३ ची. तिचा तीन वर्षांचा नियमित पाठिंबा जून २०२६ पर्यंतचा. किर्कवूडवर त्यापुढे जायचं तर ट्रिक्सीची पॅकेजेस आणि स्वतः बांधलेलं कर्नल अशी जोडी जमवावी लागते. जमते, पण तो छंद झाला. घरातल्या इतरांनी ज्याच्यावर विसंबावं अशी व्यवस्था ती नव्हे.

आर्माडावर यातलं काहीच आडवं येत नाही. ट्रिक्सीत आर्मएचएफ शाबूत आहे, आणि त्यात वेळ ६४ बिटांत मोजली जात असल्याने २०३८ चा प्रश्नही (३२ बिटांत वेळेची मोजणी तेव्हा संपते) मागे पडला. रेडीनास १०२ सारखा ५१२ एमबीचा बॉक्स हाती असेल तर मी सरळ डेबियन म्हणेन.

आधीपासून डेबियन असलेला बॉक्स वर न्यायचा असेल तर एकेक आवृत्तीच चढा, मधली गाळू नका. घड्याळाची बॅटरी मेलेली असली तर बॉक्स भूतकाळात उठतो, आणि एपीटी हे पॅकेज आणणारं साधन सांगतं की पॅकेजची यादी अजून वैधच झालेली नाही. दोष पॅकेज देणाऱ्या सर्व्हरचा नसतो, तारखेचा असतो. 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' बसवलं की भागतं. इनिटरामएफएस (बूटच्या वेळची तात्पुरती प्रणाली) बनवताना फक्त लागणारे मॉड्यूल घ्यायला सांगा, नाहीतर तेही जागेत मावणार नाही. ओपनमीडियाव्हॉल्ट या नाससाठीच्या वेब पॅनलचा मोह २५६ एमबीवर टाळा. त्याच्यामागे सॉल्ट या सेटिंग्ज लागू करणाऱ्या साधनाचा डोलारा आहे आणि साधा बदल लागू व्हायलाही जीव जातो.

बिघडलं तर परत येता येतं का?

तिन्ही पर्यायांत खरी जोखीम बूटलोडरपाशी आहे, आणि इथे मार्व्हेलच्या चिप उदार आहेत. बहुतेक किर्कवूड आणि आर्माडा चिपमधला बूटरॉम (चिपमध्येच कोरलेला सुरुवातीचा प्रोग्राम) सिरियल लाइनवरून यू-बूट स्वीकारतो. 'केडब्ल्यूबूट' वापरून मेलेला बॉक्सही उठवता येतो. काही सुरुवातीच्या बूटरॉममध्ये तेवढं चालत नाही. केडब्ल्यूबूटसाठी ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल लागते. ग्राउंड, पाठवणारी आणि घेणारी अशा तीनच तारा जोडा. वीजपुरवठ्याची चौथी तार मोकळी सोडा. ही केबल हाती येईपर्यंत फ्लॅशवर एक बाइटही लिहू नये, आणि लिहिण्याआधी फ्लॅशच्या प्रत्येक भागाची प्रत दुसऱ्या संगणकावर काढून ठेवावी. त्यातच मॅक पत्ता आणि यू-बूटची मूळ सेटिंग्ज असतात.

डिस्क किती मोठी घालावी

३२ बिटांच्या कर्नलला एका फाइलसिस्टिममध्ये १६ टीबीपलीकडे जाता येत नाही, पण त्याच्या खूप आधी रॅम संपते. २५६ एमबीवर काही टीबीच्या एक्स्ट४ ची तपासणी करताना ई२एफएससीके हे तपासणीचं साधन मेमरीअभावी मरू शकतं. त्याला तात्पुरत्या फाइली डिस्कवर ठेवायला सांगता येतं, मग ते पुरं होतं, फक्त फार हळू. एन्क्रिप्शन हवं असेल तर किर्कवूडचं सीईएसए इंजिन एईएस-सीबीसी या पद्धतीला हातभार लावतं, पण लक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) आजकाल एक्सटीएस ही दुसरी पद्धत वापरतं आणि ती या इंजिनला येत नाही.

वेस्टर्न डिजिटलच्या पहिल्या पिढीच्या एका खणाच्या माय क्लाउडची गंमत वेगळीच. त्याचं कर्नल ६४ केबीची मेमरी पानं (मेमरीचे तुकडे) वापरतं आणि डेटा पार्टिशनही त्याच मापाचं. ४ केबीच्या नेहमीच्या कर्नलला ते जोडता येत नाही. तिथे डेबियन चढवण्याआधी सगळा डेटा नेटवर्कवरून बाहेर काढावा लागतो, आणि डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागते.