पन्हाळ्याने कित्ता कुणाचा गिरवावा: माथेरानचा की महाबळेश्वरचा?

11 जुलै 2025 रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. पन्हाळा त्यात आहे याचा कोल्हापूरकरांना अभिमान वाटला, पण गडावर राहणाऱ्यांच्या पोटात त्याआधीपासूनच गोळा आला होता. घराची कौलं बदलायला परवानगी लागेल का? टपरी हलवावी लागेल का? यादीतल्या बहुतेक किल्ल्यांवर वस्ती नाही किंवा नावापुरती आहे. पन्हाळ्यावर मात्र अख्खी नगरपरिषद नांदते. त्यामुळे ‘आता पर्यटक वाढणार’ या वाक्याचा अर्थ इथे वेगळा होतो. वाढलेला पर्यटक गावाला पोसणार की गावाच्या जिवावर उठणार, हे आताच्या दोन-चार निर्णयांवर ठरेल.

निर्णय घेणाऱ्यांसमोर महाराष्ट्रातच दोन नमुने तयार आहेत: माथेरान आणि महाबळेश्वर. कागदावर त्यांच्यात फारसा फरक नाही. दोन्ही इंग्रजांनी वसवलेली, दोन्हीकडे गिरिस्थान नगरपरिषद, दोन्हीकडे प्रवासी कर. महाबळेश्वर-पाचगणी जानेवारी 2001 मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालं, माथेरान फेब्रुवारी 2003 मध्ये. त्यासाठी न्यायालयाचं दार ठोठावणारी मुंबईची संस्थासुद्धा एकच. तरीही आज दोन्ही गावांत पाय ठेवला की वेगळ्या जगात आल्यासारखं वाटतं, कारण पर्यटकाची गाडी कुठे थांबते याचं उत्तर दोघांनी वेगळं दिलं आहे.

माथेरानला ती दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आत. रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी आणि अलीकडच्या ई-रिक्षा सोडल्या तर आत मोटार नाही. पर्यटक चालतो, घोड्यावर बसतो किंवा नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकाहून मिनीट्रेनची शटल पकडतो. बॅगा हमालाच्या डोक्यावर. या तीन किलोमीटरमध्येच माथेरानचं अर्थकारण आहे. पर्यटकाच्या खिशातला पैसा हॉटेलमालकाकडे पोचायच्या आधीच घोडेवाला, हमाल आणि सरबतवाल्यापर्यंत झिरपतो. 2011 च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत असलेल्या गावात एवढ्या हातांना काम मिळणं ही साधी गोष्ट नाही. गाडी थेट हॉटेलच्या पोर्चमध्ये गेली असती तर यातलं बरंचसं काम उरलंच नसतं.

पण हा नमुना भाबडेपणाने बघू नये. पर्यटकाला जी गंमत वाटते ती रहिवाशाला रोजची यातायात असते. गॅसचं सिलिंडर, सिमेंटची गोणी, भाजी, सगळं घोड्याच्या पाठीवरून किंवा हातगाडीवरून येतं, आणि त्या हमालीचा पैसा प्रत्येक वस्तूच्या किमतीत धरलेला असतो. शाळकरी पोरांची तंगडतोड वेगळीच. त्यात माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा इथे एकविसाव्या शतकातही चालू राहिली. ई-रिक्षाची चाचणी सुरू व्हायला डिसेंबर 2022 उजाडला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा, ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, असा आदेश दिला. गुजरातमधल्या केवडियात ई-रिक्षा स्थानिक महिला चालवतात, त्या धर्तीवर काही करता येईल का, हेही न्यायालयाने सुचवलं. या सगळ्यात घोडेवाल्यांचा ई-रिक्षाला विरोध होता. ते साहजिकच आहे. त्यांचा घास जात होता.

दुसरं दुखणं नाक्यावरच्या फसवणुकीचं. नवखा पर्यटक दिसला की ‘ट्रेन बंद आहे, चालत जाणं जमायचं नाही’ असं सांगून घोडा गळ्यात मारायचा. मार्च 2025 मध्ये याच प्रकाराला वैतागून गावकऱ्यांनी स्वतःच बंद पुकारला. पर्यटनावर जगणारं गाव पर्यटकांच्या बाजूने दुकानं बंद करतं, हे मला त्या गावाच्या शहाणपणाचं लक्षण वाटतं. पण एकच दार असलं की त्या दारावर बसलेल्यांच्या हातात गावाची अब्रू जाते, हा धडाही त्यातच आहे.

महाबळेश्वरचा हिशोब वेगळा. गाडी सरळ आत येते. नाक्यावर पावती फाडली की वेण्णा तलाव, बाजार, केट्स पॉइंट, ऑर्थर सीट, कुठेही जा. म्हातारी माणसं, लहान मुलं, मोठी कुटुंबं यांची त्यामुळे मोठी सोय होते आणि एरवी घरीच बसले असते असे लोकही फिरायला निघतात. महाबळेश्वरची खरी कमाई मात्र गाडीमुळे झालेली नाही, ती झाली आहे स्ट्रॉबेरीमुळे. इथल्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी याच पट्ट्यात पिकते. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेला शेतकरी, क्रीमचा ग्लास, जॅम-सिरपचे कारखाने आणि भिलारसारखं गाव, या सगळ्यांनी मिळून पर्यटकाचा पैसा हॉटेलबाहेर शेतापर्यंत नेला. माथेरानला हे जमणं शक्य नव्हतं, कारण तिथे शेतच नाही.

किंमत मात्र डोळ्यांसमोर आहे. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत वेण्णा तलावाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, पसरणी घाटातही तीच गत. पाण्याचं तर विचारूच नका. 22 जुलै 2021 ला इथे एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, आणि तरीही उन्हाळ्यात पाणी पुरवून पुरवून वापरावं लागतं. वेण्णा तलाव 1842 सालचा आहे. त्या पाण्यावर महाबळेश्वर आणि पाचगणी दोघांची तहान भागायची, वर सुट्टीतला पाहुणा. राज्य सरकारने आता शेकडो गावांचं ‘नवं महाबळेश्वर’ आखायला घेतलं आहे. जुनं तुडुंब भरल्याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

त्याच डोंगरावरची पाचगणी मात्र वेगळं काही शिकवते. तिने आपलं कचऱ्याचं आवार साफ करून तिथे बाग केली, ‘स्वच्छ भारत पॉइंट’ नाव दिलं, आणि लोक तो पॉइंट बघायला जाऊ लागले. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात अगदी छोट्या शहरांच्या ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये पाचगणीचं नाव आलं, आणि त्याच यादीत पन्हाळाही होता. म्हणजे झाडलोटीत पन्हाळ्याला कुणाकडून शिकायची गरज नाही. प्रश्न फक्त गाड्यांचा आणि पैशाच्या वाटेचा उरतो.

आता पन्हाळा यात कुठे बसतो ते बघू. लोकसंख्या 2011 मध्ये तीन हजारांच्या थोडी वर, म्हणजे माथेरानच्याच मापाचं गाव. वर यायला मुख्य रस्ता एक, आणि तोही पावसाळ्यात खचून बंद पडलेला लोकांनी पाहिलाय. कोल्हापूर जेमतेम वीस किलोमीटरवर, त्यामुळे बहुतेक पाहुणा मुक्काम करत नाही. सकाळी येतो, गाडीतूनच सज्जाकोठी, तीन दरवाजा, अंबरखाना उरकतो, पुसाटी बुरुजाकडे फोटो काढतो, झुणका-भाकर खाऊन उतरतो. त्या झुणका-भाकरीवर गावातल्या बायकांचे संसार चालतात. भाकरी, ठेचा, कांदा, दही. पन्हाळ्याचं अर्थकारण हेच आहे, आणि गाडी जितकी कमी थांबते तितकं ते आटतं.

म्हणून माझं मत महाबळेश्वरच्या बाजूला जात नाही. तो नमुना पसरट तालुक्याला मानवतो, जिथे पॉइंट दहा-पंधरा किलोमीटरवर विखुरलेत आणि अवतीभवती शेती आहे. चिखलदऱ्याने किंवा आंबोलीने तो अभ्यासावा, पार्किंगचा आणि पाण्याचा हिशोब आधी मांडून. तटबंदीच्या आत कोंडलेल्या गावाने तसं करू नये. सात-साडेसात किलोमीटरच्या परिघात सुट्टीच्या दिवशी गाड्या कोंबायच्या आणि त्यासाठी रस्ते रुंद करायचे, तर वारशाचा दगडच आधी हलवावा लागेल.

माथेरानचा नाका घ्यावा, पण जसाच्या तसा नको. घोडा आणि हातरिक्षा वगळून सुरुवातीपासूनच ई-रिक्षा, आणि त्यांचे परवाने गडावर राहणाऱ्यांनाच, त्यातही महिलांना आधी. भाडं नाक्यावरच्या फलकावर ठळक अक्षरांत, म्हणजे माथेरानसारखी बोंब होणार नाही. रहिवाशाची गाडी, शाळेची बस, गॅसवाला, दवाखाना यांना पूर्ण मोकळीक. हे आधी लेखी ठरावात यावं, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये. वाहनतळ खाली करायचा तर जागा कुणाची, उत्पन्न नगरपरिषदेचं की ठेकेदाराचं, हे निविदेच्या आधी विचारलं पाहिजे. यात नुकसान होणारे आहेतच: वरच्या हॉटेलांचा पोर्चपर्यंत येणारा गाडीवाला गिऱ्हाईक सुरुवातीला कुरकुरेल, काही दिवस तुटेलही. त्यांना बॅगा पोचवायची सोय नाक्यावरूनच द्यावी लागेल.

एकदम बारा महिने बंदी घालायची गरज नाही. दिवाळीनंतरचे शनिवार-रविवार, नाताळचा आठवडा आणि मे महिना, एवढेच दिवस एक वर्ष करून बघता येईल. त्या वर्षात प्रवासी कराचे किती जमले, त्यातले पाण्यावर, शौचालयांवर आणि ई-रिक्षांच्या चार्जिंगवर किती गेले, याचा तक्ता दर महिन्याला नगरपरिषदेच्या दारावर लावावा. झुणका-भाकर विकणाऱ्या बायकांना त्या दिवसांतला गल्ला वाढला की घटला ते विचारावं, आणि बंदी वाढवायची की उठवायची हे त्यावर ठरवावं.