चेकपॅच : सहा वर्षं वापरून झाल्यावर

लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सोर्स कोड उतरवून घेतलात की त्यातल्या स्क्रिप्ट्स डिरेक्टरीत चेकपॅच आपोआप येते. कोडची मांडणी तपासणारी, पर्ल भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट आहे, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि पैसे तर नाहीतच. मी पुण्यात एम्बेडेड बोर्डांसाठी (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांसाठी) ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, लिहिते. गेली सहा वर्षं एकही पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचा संच, मी हिच्यातून काढल्याशिवाय पुढे पाठवलेला नाही.

इंडेंटेशनला आठ रकान्यांचा टॅब, फंक्शनचा महिरपी कंस नव्या ओळीवर पण इफचा त्याच ओळीवर, असे कर्नलचे लेखी नियम आहेत. चेकपॅच पॅचची एकेक ओळ त्या नियमांशी ताडून बघते आणि एरर, वॉर्निंग, चेक अशा तीन पातळ्यांवर चुका दाखवते. पूर्वी ओळ 80 रकान्यांपुढे गेली की वॉर्निंग यायची. 2020 मध्ये ही मर्यादा 100 झाली आणि मला खरंच बरं वाटलं, कारण ओळ 80 मध्ये बसवायच्या नादात आमच्याकडे लोक व्हेरिएबलची नावंच छाटायचे.

आणि नावांवर माझा फार जीव आहे. कर्नलचे नियम म्हणतात, फंक्शनच्या आतल्या छोट्या लूपसाठी आय (i) एवढंच नाव पुरे, तिथे लूप_काउंटर लिहून काही साधत नाही. पण जे सगळीकडून दिसतं त्याचं नाव बोलकं हवं. टाइप नावात कोंबायचा नाही, तो कंपायलरला माहीत असतो. यातलं चेकपॅचला किती कळतं? स्ट्रिक्ट पर्याय दिला तर कॅमलकेस, म्हणजे मधेच कॅपिटल अक्षर असलेली नावं, पकडते. नावाचा अर्थ मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा आहे.

हे मला एका यूएसबी सेन्सरच्या ड्रायव्हरने शिकवलं. त्यात टाइमआउट नावाचं व्हेरिएबल होतं, किंमत 500. लिहिणाऱ्याच्या मनात मिलिसेकंद होते. ते व्हेरिएबल तसंच वेट_इव्हेंट_टाइमआउट या कर्नलच्या वाट बघणाऱ्या कॉलला दिलेलं, आणि त्याला हवे असतात जिफीज, म्हणजे कर्नलच्या टायमरचे ठोके. लॅपटॉपवरच्या कर्नलमध्ये एचझेड 1000 होता, सेकंदाला हजार ठोके. त्यामुळे 500 म्हणजे नेमका अर्धा सेकंद, टेस्ट पास. बोर्डावर एचझेड 100. सेन्सरने उत्तर दिलं नाही की तिथे तोच ड्रायव्हर पाच सेकंद अडकून बसायचा. आम्ही दोन दिवस केबल, हब, पॉवर सप्लाय बदलत होतो. चेकपॅचचा निकाल अजून डोळ्यांसमोर आहे : 0 एरर्स, 0 वॉर्निंग्ज, 212 लाइन्स चेक्ड. रिव्ह्यू माझाच होता. नाव टाइमआउट_एमएस असतं तर त्या ओळीवर मी थांबलेच असते आणि विचारलं असतं, मिलिसेकंदांचे जिफीज कुठे केलेत? एमसेक्स_टू_जिफीजचा एक कॉल तेवढा राहिला होता.

यात स्क्रिप्टचा दोष मी धरत नाही. पॅच पाठवण्याच्या नियमांतच लिहिलंय की चेकपॅच वाटाड्या आहे, माणसाच्या समजुतीची जागा ती घेत नाही. कंस आणि स्पेस ती सांभाळते म्हणूनच रिव्ह्यूला बसल्यावर माझं सगळं लक्ष नावांकडे राहतं. आता वेळ, आकार, अंतर असलेल्या प्रत्येक व्हेरिएबलला मी एकक लावायला लावते : _एमएस, _यूएस (मायक्रोसेकंद), _बाइट्स.

नवीन असाल तर व्हर्बोज पर्याय देऊन चालवा, म्हणजे नुसती चूक दाखवून न थांबता ती कारणही सांगते. स्वतःच्या पॅचवर बिनधास्त वापरा. पण एफ पर्याय देऊन दुसऱ्याच्या जुन्या, चालत्या फायलीवर सोडू नका. शेकडो वॉर्निंग निघतील आणि त्या मिटवायला पाठवलेला पॅच बहुतेक मेंटेनरना, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्यांना, नको असतो. तसा सराव करायचा असेल तर ड्रायव्हर्समधली स्टेजिंग डिरेक्टरी आहे, अजून पक्क्या न झालेल्या ड्रायव्हरांची. तिथे अशी साफसफाई लागतेच.