डागाळलेल्या दातांसाठी काय करावं: ब्लीचिंग, कॉम्पोझिट की व्हेनिअर?

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते पाणी पिऊन वाढलेल्या पोरांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात, नाहीतर तपकिरी डाग. माझी भाची त्यातलीच. फोटो काढायचा म्हटला की ओढणीचं टोक तोंडावर. स्थळं यायला लागली तशी म्हणाली, "मामी, चारही दातांले कॅपच बसवून टाकू का वो?"

मी तिला थांबवलं. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, एकदा तासलं की पुन्हा येत नाही. आमच्या शेजारच्या पोराने चार धडधाकट दात तासून कॅप घेतल्या. दोन वर्षांत त्यातल्या एकाचं रूट कॅनॉल करावं लागलं. कॅप मोडलेल्या किंवा रूट कॅनॉल झालेल्या दातासाठी असते, नुसत्या डागासाठी नाही.

आधी डाग कशाचा ते ओळखा. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) किंवा चहाचा डाग वरून बसलेला असतो, बहुतेक वेळा सफाई-पॉलिशिंगने निघतो. फ्लोराइडचा डाग दात तयार होतानाच आत मुरलेला असतो. तो राखेने, कोळशाने घासू नका, कवच झिजतं आणि डाग तिथंच राहतो.

ब्लीचिंगमध्ये दात तासावा लागत नाही. तुमच्या दातांचा साचा करून देतात, त्यात जेल घालून रात्री लावायचं, साधारण दोन आठवडे. थंड पाणी काही दिवस झोंबतं. पिवळट दात छान उजळतात, पण पांढरे पट्टे सुरुवातीला जास्तच उठून दिसतात. घाबरू नका, बरेचदा पुढं मिसळून जातात. गडद तपकिरी डाग मात्र पूर्ण जात नाही.

तिथं कॉम्पोझिट कामी येतं. दाताच्या रंगाचा मसाला डागावर थर देऊन निळ्या लाईटखाली कडक करतात. एका बैठकीत काम होतं, तासणं नावापुरतं. पाचेक वर्षं टिकतं. हळद, चहा, खर्रा यांचा रंग धरतं, कोपरा उडतो. पण उडालेला कोपरा त्याच दिवशी भरूनही मिळतो, आणि गावाकडच्या माणसाला हे फार मोलाचं.

व्हेनिअर दिसायला सगळ्यात सुंदर. पोर्सेलिनचा पातळ पापुद्रा, दहा-पंधरा वर्षं टिकतो, डाग सहसा धरत नाही. पण त्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर कवच तासतात, लॅबमुळे दोन-तीन फेऱ्या होतात, खर्चही सगळ्यांत जास्त. विशीतल्या मुलीला पुढं ते दोन-तीनदा बदलावं लागणार, हे कुणी आधी सांगत नाही. सुपारी फोडणाऱ्याने तर घेऊच नये.

खर्रा खाणाऱ्यांनी आधी आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर तोंड पुरेसं उघडत नाही, मग हसण्याचा विचार नंतर, तोंडाची तपासणी आधी.

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं डेंटल कॉलेज खाजगी दवाखान्यापेक्षा खिशाला परवडतं. शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून वेळ जास्त लागतो.

भाचीने आधी ब्लीचिंग केलं. मग दोन आठवडे थांबून फक्त दोन दातांना कॉम्पोझिट. लगेच केलं तर ते नीट चिकटत नाही. बाकीच्या दातांवर फिक्या रेघा अजून आहेत. साखरपुड्याच्या फोटोत ओढणी खांद्यावर आहे.